अकरा सेकंदांचा लाल रंग

आमच्या घरात वाळा चालत नाही. कूलरला नाही, माठात नाही, सरबतात तर नाहीच नाही. सुनेला वाटतं मला त्याची ॲलर्जी आहे. मी तिला तसंच वाटू देते, कारण ॲलर्जी म्हटलं की हल्ली कोणी पुढं विचारत नाही. काल मुलानं कूलर दुरुस्त करायला माणूस आणला. त्यानं पोत्यातून वाळ्याची पेंडी काढली आणि माती झटकायला अंगणात दोनदा आपटली. मी आतल्या खोलीत होते, तरी मला कळलं.

"ते नको. लाकडाचं गवत लावा," मी आतूनच ओरडले.

"काहून जी, आजी? याचा वास तं मस्त येते."

येतो ना. तेच तर दुखणं आहे.

नागपूरचा उन्हाळा म्हटलं की बाहेरगावचे लोक पारा किती चढतो ते विचारतात. पाऱ्यात काय आहे? सांगायची असते ती दुपार. जेवणं आटोपली, दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या, त्यांच्यावर बादलीभर पाणी मारलं, की बारा ते चार आमचा मोहल्ला चिडीचूप. कुत्रं नालीत पोट टेकून पडायचं. ज्याला बाहेर पडणं चुकतच नाही तो खिशात कांदा टाकून, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून, दोन डोळे तेवढे उघडे ठेवून निघायचा. पोस्टमन तसाच, कचेरीतला बाबू तसाच, भाजीवाला तसाच. नवख्या माणसाला वाटावं, हे दरोडेखोरांचंच गाव आहे. रात्री उलट. रात्री सगळा मोहल्ला अंगणात खाटा टाकून गप्पा मारत जागा. चोराची काय बिशाद! त्यामुळं आमच्याकडं जे काही काळं व्हायचं ते दुपारी, भर उजेडात व्हायचं.

माझ्या नानामामाला हे बरोबर कळलं होतं. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि दर महिन्याला एक चित्रकथा, 'टळटळीत' नावाची. प्रत्येक अंकात एक गुन्हा, आणि तो दुपारचाच. लिहायचा मामा, चित्रं काढायचा मामा, आणि बस स्टँडवर उभा राहून कोण किती अंक घेतं ते बघायचाही मामाच. छपाई काळ्या शाईची. त्यावर दुसरा ठसा फक्त लाल. तो लाल कुठं द्यायचा हे मी ठरवत असे. चित्रावर पातळ कागद ठेवायचा आणि जागा रंगवायची. मामाचा नियम एकच होता, पानावर लाल एकदाच. एखाद्या बाईचं कुंकू, सायकलचा मागचा दिवा, नाहीतर भिंतीवरचा हात. मी तेव्हा वीस वर्षांची होते, ड्रॉइंगची परीक्षा पास झालेली, आणि मला वाटायचं की आख्खं 'टळटळीत' माझ्या त्या एका ठिपक्यावर उभं आहे. शिष्टच होते मी.

मग मामाला सिनेमाचं वेड लागलं. तीन अंकांतल्या तीन कथा घ्यायच्या, एकाला एक जोडायच्या आणि एकच सिनेमा करायचा. माझी आजी म्हणाली, "अरे, एक तरी धड सुरू होऊन धड संपू दे की!" पण मामा ऐकतो कसला. मुंबईहून कॅमेरा आणि कॅमेरामन भाड्यानं आले, आणि शूटिंग आमच्याच मोहल्ल्यात, नवतपात सुरू झालं. नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ भाजून काढणारे दिवस. मामाला खरीखुरी दुपार हवी होती.

शालिक त्या सिनेमात आला तो ताट्या बांधायला. फिल्मचे डबे तापू नयेत म्हणून मोहल्ल्यात एकट्या राहणाऱ्या गोदाकाकूंच्या व्हरांड्याला चारी बाजूंनी ताट्या लावायच्या होत्या. शालिक नागपूरजवळच्या कुहीकडचा. दोन एकर धानाची शेती, आणि धान निघून गेलं की उन्हाळाभर नागपुरात घरोघरी वाळ्याच्या ताट्या बांधून द्यायचा. बांबूच्या कामट्यांमध्ये वाळा पसरून सुतळीनं तो असा आवळायचा की चार महिने काडी हलत नसे. माणूस हसरा, बोलका. त्याच्यासाठी सगळी घरं उघडी असायची. अगदी स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचा. त्याचा दुपट्टा पांढरा, धुऊन धुऊन पिवळट झालेला. बांधायची ढब मात्र त्याची एकट्याची होती. गाठ डाव्या कानावर, आणि पदर पाठीवर लांब सोडलेला.

मामानं खुन्याच्या कामासाठी नाटकातला एक नट आणला होता. पहिल्याच दिवशी त्याला ऊन लागलं. गोदाकाकूंनी पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला, पण गडी उठेना. शॉट तर भिंतीवरून उडी मारायचा. गोदाकाकूंच्या घराची मागची भिंत, त्यावरून खुनी बोळीत उडी टाकतो आणि चालू लागतो.

शालिक ताटीवर पाणी मारत होता. तो म्हणाला, "उडीच माराची हाय ना जी? मी मारून देतो. मले उनाचं काय, उनातच तं वाढलो."

तोंड झाकलेलं, मग कोणी का असेना. शालिकनं आपल्याच दुपट्ट्यात तीन वेळा उडी मारली. तिसऱ्या वेळी मामा खूश झाला. गोदाकाकू भिंतीआडून म्हणाल्या, "माझ्या भिंतीचा गिलावा पडला तर तुझ्याकडून लावून घेईन हं, शालिक."

सिनेमा काळापांढरा होता. पण 'टळटळीत'मध्ये लाल नाही म्हणजे काय! मामाच्या डोक्यात आलं की त्या उडीत खुन्याचा दुपट्टा लाल दिसला पाहिजे. ती उडी अकरा सेकंदांची. सेकंदाला चोवीस चौकटी. काचेखाली दिवा लावून, डोळ्याला भिंग लावून, दोन केसांच्या कुंचल्यानं मी एकेक चौकट रंगवली. फोटो रंगवायचे रंग होते ते. दोनशे चौसष्ट इवलेसे दुपट्टे. मामानं शपथ घातली होती की कोणालाही सांगायचं नाही, आईलाही नाही. "लोकांना वाटू दे विलायती तंत्र आहे," तो म्हणायचा. आईला वाटायचं मी छापखान्यात पत्रिका लिहितेय.

थंडीत एका टॉकीजमध्ये सकाळचा खेळ लागला. मोहल्ल्याला फुकट पास. मोहल्ला काय, लग्नाला निघाल्यासारखा निघाला! पडद्यावर आमचीच बोळ, आमचीच भिंत, सगळं राखेच्या रंगाचं, आणि एकदम भिंतीवर तो लाल. बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. गाठ आणि पदर पाहून पोरांनी ओरडा केला, "अरे, हा तं शालिक आहे!" खेळ सुटल्यावर पाध्येमास्तर मला भेटले. गोदाकाकूंच्या मागच्या बोळीपलीकडं राहणारे, रिटायर, आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस. म्हणाले, "पोरी, तो लाल काही डोळ्यांपुढून जात नाही बघ."

मी घरी येऊन आरशात पाहिलं. इतका आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही.

पुढच्या वर्षी शालिक आला तेव्हा सगळे त्याला चिडवायचे, "का गा हिरो, कसं काय?" तो लाजून दुपट्टा तोंडावर ओढायचा. पांढराच दुपट्टा. त्या वर्षीच्या त्याच्या ताट्यांचा वास मला अजून वेगळा आठवतो, जास्त मातीचा.

आणि नवतपाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, गोदाकाकूंना कोणीतरी गळा दाबून मारलं. हातातल्या पाटल्या गेल्या. चार वाजता दूधवाल्यानं हाका मारल्या तेव्हा कळलं. मी गेले नाही पाहायला. आई गेली, आणि येऊन नुसती बसून राहिली. आमच्या दाराची ताटी कोरडी ठाक पडली होती, पण तिच्यावर पाणी मारायला कोणी उठलं नाही.

पोलीस आले. पाध्येमास्तर स्वतःहून पुढं झाले. त्यांनी सांगितलं, मी गॅलरीत होतो. दोनच्या सुमाराला मागच्या भिंतीवरून एक माणूस बोळीत उडी मारून गेला. तोंडाला लाल दुपट्टा, गाठ डाव्या कानावर. हा ताट्यावाला शालिकच, मी शपथेवर सांगतो.

संध्याकाळी शालिकला उचललं.

"पांढरा दुपट्टा त्याचा," बायका कुजबुजल्या. "त्या दिवशी लाल घातला असेल," पुरुष म्हणाले. "सिनेमातला ठेवून घेतला असेल मेल्यानं." असं ते बोलत बोलत पक्कं झालं. मास्तर खोटं कशाला बोलतील? आणि खोटं ते बोलतच नव्हते, हेच तर मला कळत होतं. त्यांना जे दिसलं होतं ते खरंच दिसलं होतं. फक्त ते गॅलरीतून नाही, टॉकीजच्या खुर्चीतून दिसलं होतं. लाल दुपट्टा या जगात कुठंच नव्हता. तो दोनशे चौसष्ट चौकटींवर होता, आणि तो मी रंगवला होता.

हे ठामपणे सांगू शकणारी माणसं मोहल्ल्यात दोनच, मामा आणि मी. कॅमेरामन मुंबईला, तो नट कुठं फिरत होता देव जाणे, मोहल्ला त्या दुपारी ताट्यांआड झोपलेला, आणि ज्यांनी पांढऱ्या दुपट्ट्यातली उडी पाहिली त्या गोदाकाकू गेल्या. शालिक स्वतः सांगत असणारच, पण ठाण्यात त्याचं कोण ऐकणार?

मी त्याच दिवशी मामाकडं गेले. तो छापखान्यात, कंपोझच्या खिळ्यांच्या खणांपुढं बसला होता. म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? एकच प्रिंट आहे, फिरत्या टॉकीजवाल्याकडं. पोलिसांनी जप्त केली तर मी बरबाद. आणि तू लग्नाची मुलगी, ठाण्याची पायरी चढणार? दोन दिवसांत सोडतील त्याला. पुरावा काय आहे त्यांच्याकडं?"

मी घरी आले. मामावर ढकलून मोकळं होता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण खरं लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मास्तरांचं बोलणं ऐकलं तेव्हा अगदी पहिल्या क्षणी मला जे वाटलं ती भीती नव्हती. तो अभिमान होता. माझा लाल इतका खरा वाटला! एका म्हाताऱ्या, सच्च्या माणसाच्या डोक्यात तो जाऊन बसला आणि त्याच्या शपथेत उतरला. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मग त्याचीच लाज वाटून मी गप्प बसले, आणि गप्प बसल्याची लाज दुसऱ्या दिवशी, आणि असे दिवस गेले. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते आज.

शालिकची बायको वच्छला कुहीहून आली होती. ठाण्यासमोरच्या कडुनिंबाखाली बसलेली असायची. आईनं तिला दोन वेळा भाकरी नेऊन दिली. येऊन आई सांगायची, त्याला विचारतात, दुपट्टा कुठं लपवला? घर तपासलं, विहिरीत माणूस उतरवला. तो म्हणतो, लाल दुपट्टा नाहीच माझ्याकडं. मग पुन्हा मारतात. आई हे सांगायची आणि मी ताटातला भात चिवडत राहायचे.

अकराव्या दिवशी आईनं माझ्यापुढचं ताट उचललं.

"काहून वं? अकरा दिवस झाले, तू घास घेऊन नाही राहिली. काय लपवून राहिली तू?"

मी सांगितलं. सगळं. आई उभीच होती. मला वाटलं मारेल. तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "चाल. चप्पल घाल."

मामानं रंग नीट बसत नाही म्हणून कापून फेकलेला फिल्मचा एक तुकडा माझ्या पेटीत होता. त्यातल्या अर्ध्या चौकटी रंगवलेल्या, अर्ध्या तशाच. एका चौकटीत लाल, पुढच्याच चौकटीत पांढरा. याहून चांगला पुरावा कोणाकडं असेल? टळटळीत दुपारी आम्ही मायलेकी चालत ठाण्यात गेलो. वच्छला झाडाखाली नव्हती. मला बरं वाटलं, तोंड चुकवता आलं म्हणून.

इन्स्पेक्टरांनी तुकडा खिडकीशी धरून पाहिला. माझं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण थकलेला होता. मग त्यांनी कपाटातून एक कागदाचं पुडकं काढलं आणि टेबलावर उघडलं.

"बाई, तुमचं सिनेमाचं राहू द्या. दुपट्टा तर मिळाला. काल त्याच्या बायकोनंच आणून दिला. आणि हे पाहून त्यानंही कबूल केलं."

पुडक्यात लाल दुपट्टा होता. जुना, मऊ झालेला, आणि रंग मात्र कालचा. कागदाला लाल डाग लागले होते. मी रंगाचं काम करणारी, मला सांगावं लागत नाही. घरी, घमेल्यात, घाईनं रंगवलेलं होतं ते. कडा पांढऱ्या राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "साहेब, हा ताजा रंग आहे. बघा ना, सुटतोय." ते म्हणाले, "ते कोर्टात सांगा."

कोर्टापर्यंत गेलं नाही. गणपतीच्या सुमाराला गोदाकाकूंच्या सख्ख्या पुतण्यानं पाटल्या मोडायला काढल्या आणि सराफानं पोलिसांना कळवलं. शालिक सुटला. तोवर धानाची रोवणी होऊन गेली होती. मास्तरांनी गॅलरीचं दार कायमचं लावून घेतलं. मामाचा सिनेमा मात्र त्यानंतर गावोगाव धो धो चालला, कारण फिरत्या टॉकीजवाले भोंग्यावर ओरडायचे की खऱ्या खुनाचा सिनेमा बघा. मामानं मला त्यातून साडी घेतली. ती मी आईच्या हाती दिली, आणि आईनं तिची पायपुसणी केली.

अकरा सेकंद, सेकंदाला चोवीस चौकटी. अकरा दिवस, दिवसाचे चोवीस तास. दोन्हीकडं दोनशे चौसष्टच येतात. हे मला केव्हा सुचलं आठवत नाही. सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढच्या मार्चमध्ये, माझ्या लग्नाच्या आधी, मी एकटी कुहीला गेले. पळसाची फुलं गळून रस्त्यात पडली होती. शालिक ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, तेच हसू. "या जी, बाई. काहून तरास घेतला?" उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. समोर वाळ्याचा ढीग पडला होता, आणि दुसराच कोणी माणूस कामट्या बांधत होता. शालिक त्याला सांगायचा, "अजून आवळ. नाई, अजून." मोहल्ल्यात तो पुन्हा आला नव्हता. निर्दोष सुटला हे सगळ्यांना माहीत होतं, पण स्वयंपाकघरापर्यंत कोण येऊ देणार?

मी त्याला सांगितलं. काच, भिंग, कुंचला, मामाची शपथ, सगळं. वच्छला दारात उभी राहून ऐकत होती. तो ऐकत राहिला आणि मग त्यानं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"म्हंजे तो पांढराच होता ना जी? पक्कं? मारून मारून मलेच वाटाले लागलं होतं का लाल होता म्हून. आता कदी कदी सपनात बी लालच दिसते."

"पांढरा होता, शालिकभाऊ. लाल मी केला."

"झालं मंग," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. निघताना त्यानं दोन्ही हातांच्या तळव्यांत दाबून वाळ्याची एक जुडी माझ्यापुढं धरली. "माठात टाका जी. पानी गोड लागते."

वच्छला मला बसपर्यंत पोचवायला आली. बस दिसू लागली तेव्हा थांबली.

"त्यायले म्या सांगतलं नाही अजून, पन तुमाले सांगतो. तो दुपट्टा म्या रंगवला. मले वाटलं, पोलिसायले लाल पायजे तं लाल देऊन टाकू, मंग तं माराचं थांबवतीन. म्या दिला आन् त्याच्यानंच ते फसले. वर्सभर मी म्हनून राहिली, माया हातानं केलं, माया हातानं केलं." मग तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं. "तुले पयल्या दिवसापासून मालूम होतं. तू पयल्या दिवशी आली असती तं मले तो रंगवा लागला असता का वं?"

बस आली. तीच म्हणाली, "बसा, जागा भेटन."

मी बसले. जुडी मांडीवर होती. दारं-खिडक्या उघड्या, बाहेरून गरम वारा येत होता आणि त्या वाऱ्यात सगळ्या बसभर वाळ्याचा वास भरला होता. शेजारची बाई नाक वर करून म्हणाली, "किती छान वास येऊन राहिला हो! कोणी बांधून दिला?"

मी तेव्हाही काही बोलले नाही.